तीन कागदांचा फ्रॉक

आत्याच्या हातचा फ्रॉक कधी वाकडा लोंबत नाही, असं गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगायच्या. खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण धाकट्या भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ती इतकी वर्षं सगळ्या गल्लीचे कपडे शिवत आली होती, की पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत जो तो तिला आत्याच म्हणायचा.

खोली लहान होती. खिडकीखाली मशीन, भिंतीला कापडाचे तागे आणि मधोमध कटिंगचं टेबल. टेबल म्हणजे मोडीत निघालेलं एक जुनं दार, दोन पत्र्याच्या ट्रंकांवर आडवं टाकलेलं. कडी काढली होती, पण तिची भोकं तशीच होती आणि त्यात आत्याचे खडू बरोबर बसायचे. आरसा खालून फुटलेला होता. त्यात माणूस गुडघ्यापर्यंत दिसायचा, त्याखालचं आत्यावर सोपवायचं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून ती जे काही पुटपुटायची ते सरावानं सगळ्यांना कळायचं.

तिनं लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला नाही." विचारणारी हसायची आणि विषय तिथंच मिटायचा.

तरुणपणी ती एका मोठ्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तिला हात धरून शिकवलं आणि दुकान बंद करताना आपले सगळे कागदी पॅटर्न तिला देऊन टाकले. खाकी कागदावर आखलेले गळे, बाह्या, पाठी, घेर, सगळे दोऱ्यानं बांधून एका ट्रंकेत. मोठ्या बाईंची एक शिस्त आत्यानं अंगी बाणवली होती. प्रत्येक शरीरात काही ना काही खोड असते. कुणाचा खांदा उतरता, कुणाची कंबर जड. ती कापडात झाकायची आणि तोंडातून काढायची नाही. गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं पाहिजे, का खूश झालं ते त्याला कळायला नको.

भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. त्यांची एकुलती एक मुलगी जन्माला आली तेव्हा वहिनीला फार दिवस रजा मिळाली नाही. मग ते बाळ आत्याकडंच राहिलं. चिंध्यांच्या टोपलीत झोपलं, टेबलाखाली रांगलं, मशीनच्या आवाजानं जागं व्हायच्या ऐवजी मशीन थांबलं की रडायला लागायचं. अंगानं किरकोळ म्हणून तिला बारकी म्हणायला लागले, आणि उंच झाली तरी नाव तेच राहिलं.

बारकी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा शाळेचा नवा फ्रॉक घालून टेबलावर उभी राहिली. हेम घालायला, म्हणजे खालची कड दुमडायला, आत्या खाली वाकली तर घेर डाव्या बाजूला वर चढलेला. आत्यानं कापड तपासलं, कापड बरोबर होतं.

"नीट उभी राहा."

"नीटच उभी आहे."

"मग मी काय आंधळी आहे? एका पायावर भार टाकू नकोस."

बारकीनं दोन्ही पाय जुळवले. घेर तसाच. आत्यानं तिच्या पाठीत हलकासा धपाटा घातला. ते पोर शाळेचं जड दप्तर एकाच खांद्यावर घेऊन जातं, त्यानं वाकायची सवय लागली आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आणि इतर कुणासाठी केलं असतं तेच केलं. डाव्या बाजूला कापड थोडं लांब ठेवलं आणि हेम घातलं. अंगावर फ्रॉक असा सरळ बसला, की बघणाऱ्यानं फूटपट्टी लावून बघावी.

पुढच्या फ्रॉकला डावीकडे आणखी थोडं वाढवावं लागलं. त्याच्या पुढच्याला आणखी. नंतर डावा खांदाही खाली वाटायला लागला, तेव्हा आत्यानं आत कापडाची एक घडी घातली. शाळेचे फ्रॉक ढगळ असतात, त्यात सगळं सामावून गेलं. प्रत्येक वेळी हेम लावताना तोच संवाद व्हायचा. नीट उभी राहा. नीटच उभी आहे. प्रत्येक वेळी पाठीत धपाटा बसायचा, हलका, पण बसायचा. हे आत्या कुणाला बोलली नाही, कारण असं काही बोलायचं नसतं हेच तिला शिकवलं होतं. आई-बापाला, शाळेतल्या बाईंना, कुणालाच काही वेगळं दिसलं नाही. दिसणार कसं? बारकी चारचौघांत उभी राहिली की तिच्या कपड्यांची रेष सगळ्यांत सरळ असायची.

दोन वर्षं अशी गेली.

शाळेचं शेवटचं वर्ष आलं. निरोपाच्या कार्यक्रमाला मुलींनी हवे ते कपडे घालून यावं असं ठरलं. बारकीनं एका दुपारी ट्रंक उपसली आणि पॅटर्नच्या तळाशी तिला एक फोटो सापडला. फोटोत आत्या होती, विशीतली. उन्हाळी फ्रॉक, फुलाफुलांचा, गोल कॉलर, छोट्या फुगीर बाह्या, कंबरेत घट्ट आणि खाली असा घेर, की ती वळली असती तर तो तिच्या मागून वळला असता.

"ही तू आहेस?" बारकीनं विचारलं.

"नाही, माझं भूत आहे."

"मला असाच हवाय. आता पुन्हा असेच फ्रॉक घालतात सगळ्या. दुकानात असले जुन्या पद्धतीचे काय काय टांगलेत, पण ते खोटे दिसतात."

आत्यानं फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. तो फ्रॉक तिनं स्वतः शिवला होता आणि त्याचा अख्खा पॅटर्न कधीच नव्हता. वरचा भाग एका कागदावरून घेतला होता, कॉलर आणि बाह्या दुसऱ्या, घेर तिसऱ्या. मोठ्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, तीन घरांतल्या माणसांना एका खोलीत ठेवायचं असेल तर आधी भिंती मोजाव्या लागतात.

ते सगळे कागद ट्रंकेत होते. आत्या हरखली. कितीतरी दिवसांनी तिला गणवेश, उशीचे अभ्रे आणि विजारींचे पाय आखूड करणं यापलीकडचं काही करायला मिळणार होतं. तिनं तिन्ही कागद टेबलावर पसरले आणि जेवायचं विसरली. तीन कागद तीन वेगळ्या हातांचे. वरच्या भागाची कंबर जिथं संपत होती तिथं घेराची कंबर सुरू होत नव्हती. वरच्या टक्सची, म्हणजे कंबरेशी घेतलेल्या चिमट्यांची, टोकं घेराच्या कळ्यांच्या शिवणीवर येत नव्हती, आणि ती एका रेषेत आली नाहीत तर कंबर तुटल्यासारखी दिसते. बाहीचा गोल मोठा, ती जिथं जोडायची तो मुंढा लहान. तिनं पातळ कागद वर ठेवून नव्यानं आखलं. मुंढा किंचित खाली घेतला, टक्स सरकवले, घेराच्या सहा कळ्यांतली प्रत्येक कंबरेशी थोडी थोडी अरुंद केली. बारकी समोर बसून तळहातावर हनुवटी टेकून बघत होती.

"इतकं का करतेस? एकच उचलून शिव ना."

"एकाच कागदावरचा कुणीही शिवेल."

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी तिनं मांजरपाटाचा कच्चा फ्रॉक शिवला आणि बारकीला त्यात उभं केलं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

फ्रॉक बसेना. उजव्या बाजूला पाठीत कापड ताणलं होतं आणि डाव्या बाजूला कंबरेपाशी त्याची घडी पडत होती. आत्याला वाटलं, आपलंच जुळवणं चुकलं. तिनं उसवलं, कागद पुन्हा एकावर एक ठेवून तपासले. एक रेघही इकडची तिकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कच्चे टाके मारले, पुन्हा बारकीच्या अंगात घातला. तेच.

"पाठीची मधली शिवण मणक्यावर येत नाहीये," ती टाचण्यांमधून पुटपुटली. "थांब. हलू नकोस."

मध्य कुठं आहे ते बघायला तिनं खडू घेतला आणि मानेपासून खाली, बोटानं एकेक मणका चाचपत, मांजरपाटावर एकेक ठिपका दिला. कंबरेपर्यंत आली आणि एक पाऊल मागं सरली.

ठिपके सरळ नव्हते. मानेखाली ठीक निघाले होते, मग उजवीकडे गेले होते, बरेच गेले होते, आणि कंबरेशी पुन्हा डावीकडे वळले होते. एखाद्या लहान मुलानं काढलेल्या नदीसारखे.

आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. त्यातली एक खाली पडली.

"ती उचल जरा," ती म्हणाली.

बारकी कंबरेत वाकली. वाकल्याबरोबर तिच्या पाठीचा उजवा भाग कापडाखालून उंच झाला, डावा तसाच खाली राहिला. आत्या बघत राहिली. दोन वर्षांचे सगळे फ्रॉक एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढं आले.

"सापडली," बारकी म्हणाली आणि सरळ झाली. म्हणजे तिला जितकं सरळ होता येत होतं तितकी. "काय झालं?"

"काही नाही. काढून ठेव तो. दुखतं का गं तुझी पाठ?"

"कधीकधी. बाकावर बसून सगळ्यांचीच दुखते."

संध्याकाळी वहिनी घरी आली, तिनं चप्पलही काढली नव्हती तोवर आत्यानं तिला आत नेऊन सांगितलं. वहिनीनं मुलीला बोलावून पाठ बघितली, हात फिरवला, आणि कपाटातून पैसे काढून पर्समध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी तिनं कामाला दांडी मारली. तिघी मोठ्या इस्पितळात गेल्या.

डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली. पांढऱ्या बरगड्यांमधून कणा वळण घेत खाली गेला होता. तो म्हणाला, हे वाढीच्या वयात मुलींना होतं, का होतं ते कुणाला नक्की माहीत नाही. दप्तरानं होत नाही, उभं राहण्याच्या सवयीनं होत नाही. मुलगी वाढत असताना वेळेवर लक्षात आलं तर पट्टा बांधून कण्याचा बाक थांबवता येतो. आता ती वेळ गेली. बाक असाच वाढत गेला तर छातीवर दाब येईल. ऑपरेशन करावं लागेल, कण्याला सळ्या बसवाव्या लागतील.

"याआधी काहीच लक्षात आलं नाही?" त्यानं वहिनीला विचारलं. आवाजात दोष देणं नव्हतं. "बहुतेक आयांना कपड्यांवरून कळतं. फ्रॉक एका बाजूनं वर जातो, म्हणून घेऊन येतात."

वहिनीनं मान हलवून नाही म्हटलं. आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आत्ता बोलावं. पण तिनं फिल्मचं पाकीट उचललं आणि दाराकडं वळली.

ती घरी आल्यावर बोलली. भाऊ डेपोतून आला होता, हात धूत होता. डावी बाजू लांब ठेवत होते, खांद्यात घडी घालत होते, दोन वर्षं, असं तिनं सगळं सांगितलं. नळ चालू होता.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," वहिनी म्हणाली.

"मला वाटलं, उभी राहायची सवय."

"दिसत होतं आणि तुम्ही झाकत होतात, वन्सं. मी रोज माझ्या मुलीकडं बघत होते आणि मला तुमचं शिवणकाम दिसत होतं."

भावानं नळ बंद केला. टॉवेलला हात पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी पुसत राहिला.

"यापुढं तिच्या अंगाला टेप लावायची नाही," वहिनी म्हणाली. "आणि तो फ्रॉक बंद."

दारात बारकी उभी होती. "बंद नाही," ती म्हणाली. "मला तो हवाय."

"तुला कळतंय का काय चाललंय ते?"

"मला तुमच्यापेक्षा जास्त कळतंय. कार्यक्रम आधी आहे, ऑपरेशन नंतर आहे. मला तो फ्रॉक हवाय."

वहिनी तिच्याशी भांडली नाही. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

आत्यानं टेबलावर पुन्हा कागद पसरले, पण आता तिला त्यांच्याकडं बघवेना. आधी तीन कागद एकत्र आणले होते. आता डावी आणि उजवी बाजू वेगळी आखावी लागणार होती, दोन वेगळ्या मुलींची असल्यासारखी. तिनं बारकीला समोर बसवलं.

"कसा शिवू सांग. आहे तशी पाठ दिसली तरी चालेल? मी आता माझ्या मनानं काही करणार नाही."

बारकीनं ट्रंकेवरचा जुना फोटो हातात घेतला.

"झाक," ती म्हणाली. "नंतर सगळ्यांना कळणारच आहे. एक दिवस झाक."

मग आत्यानं शिवला. उजव्या पाठीचा भाग मोठ्या मापाचा, डावा लहान. उजवा टक्स जवळजवळ काढून टाकला, डावा खोल घेतला. डावीकडच्या कळ्या लांब, उजवीकडच्या आखूड. पाठीची मधली शिवण तिनं ठिपक्यांवरून नेली नाही, नजरेला सरळ वाटेल अशी नेली आणि ती सांभाळायला आत अस्तराला आधार दिला. कापड फिकट पिवळं होतं, त्यावर बारीक पांढरी फुलं. दोन्ही बाजूंची फुलं शिवणीवर जुळावीत म्हणून तिनं किती वेळा कापड हलवलं ते तिलाच माहीत. आयुष्यात तिनं इतकं चांगलं काही शिवलं नव्हतं, आणि शिवताना तिला त्याची शिसारी येत होती.

कार्यक्रमाच्या सकाळी बारकीनं तो घातला. गोल कॉलर बसली, बाह्या फुगल्या, कंबरेतून घेर सुटला. ती हळूच एकदा वळून बघायला गेली तर घेर तिच्या मागून वळला. शेजारची बाई दारातून म्हणाली, कुठल्या जुन्या सिनेमातली नटी आली गं ही. वहिनी आतल्या दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातातली पिशवी तिनं खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि कामाला गेली.

बारकी संध्याकाळी परत आली तेव्हा तिचे गाल लाल होते. कुणीतरी तिला विचारलं होतं, हा कुठल्या दुकानातला. तिनं सांगितलं नव्हतं. तिनं फ्रॉक काढला, हँगरला लावला आणि उताणी झोपून पाठ जमिनीला टेकवली. तिची पाठ आता दिवसभर दुखायची.

ऑपरेशन व्हायच्या आधी डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं होतं. कण्यातून नसा जातात, धोका थोडा आहे, पण आहे. भावानं सही केली. सही करताना त्याच्या हाताचं काळं ग्रीस कागदाला लागलं आणि तो कागद पुढं धरणाऱ्या नर्सची माफी मागत राहिला.

पाठ सरळ झाली. बारकी उंचही झाली. पण शुद्धीवर आल्यावर तिला डावं पाऊल जाणवेना.

"आत्या," ती म्हणाली. त्या दिवशी आत्याच तिच्या उशाशी होती. "चादर उचलून बघ ना. माझा पाय आहे का तिथं?"

"आहे गं राणी. आहे."

"मग धर ना."

आत्यानं दोन्ही हातांनी पाऊल धरलं.

"धरलंस?"

"धरते आता," आत्या म्हणाली आणि धरून बसली.

सूज उतरली की फरक पडेल असं आधी सांगितलं. मग, वेळ लागेल असं सांगितलं. मग कुणी काही सांगेनासं झालं. गुडघ्याखालचा थोडा भाग परत आला, पाऊल आलं नाही. उचलून ठेवलं तिथं ते राहायचं. पायाला आधाराचा साचा आणि काखेत कुबडी घेऊन बारकी घरी आली.

मशीनचा आवाज वहिनीला सहन होईना. आत्या मशीनवर बसली की ती आतून काहीतरी आपटायची. आत्या मग वहिनी घराबाहेर असतानाच शिवू लागली. एका दुपारी ती एका मुलीच्या गणवेशाचं हेम लावत होती, आणि सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "नीट उभी राहा."

पलीकडे खाटेवर बारकी पडली होती. ती छताकडं बघत म्हणाली, "आत्या, माझं पाऊल गेलं त्याचा मला तुझ्यावर राग नाही. ते डॉक्टरच्या हातून झालं. पण मी दोन वर्षं सांगत होते की मी नीट उभी आहे. तू मारत होतीस."

समोरची मुलगी दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. आत्यानं हेम पुरं केलं. संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं, मी दुसरीकडं खोली बघते. तो म्हणाला, "ताई, असं काय..."

पलीकडच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली मिळाली. मशीन भावानं हातगाडीवरून पोचवलं. ट्रंका आल्या, त्यांच्यावरचं कटिंगचं दार घरीच राहिलं. आत्या जमिनीवर कापड पसरून गुडघ्यांवर बसून कापू लागली. जिना उभा आणि अरुंद होता. बारकी एकदा आली आणि खालूनच परत गेली. नंतर ती आली की दुकानदार वर हाक मारायचा, आत्या खाली उतरायची आणि दोघी त्याच्या बाकावर, सायकलच्या ट्यूबांमध्ये बसून काहीबाही बोलायच्या. पुढं पुढं तेही कमी झालं.

आत्याला एक नवी सवय लागली. कुणी मुलगी माप द्यायला आली की ती तिला खाली वाकायला सांगायची. वाक, हात सोड, अशीच राहा. आणि मागं उभी राहून बघायची. एक बाई भडकली. "आम्ही फ्रॉक शिवायला आणलंय हिला, तपासायला नाही." ती परत आली नाही. अशा आणखी काही गेल्या. आत्या थोडी चळली आहे असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. पण एकदा एका लहान मुलीच्या पाठीत तिला फरक दिसला आणि ती त्या आईच्या इतकी मागं लागली, की कंटाळून ती मुलीला इस्पितळात घेऊन गेली. मुलीला पट्टा बांधला. त्या आईनं येऊन आत्याचे पाय धरले तेव्हा आत्या तिच्यावर खेकसली आणि आत निघून गेली.

एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनी वर आली. प्रथमच आली होती. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत तो पिवळा फ्रॉक.

"तिनं घालून बघितला काल," ती म्हणाली. "पाठ सरळ झाली ना आता. डावीकडून चांगला चार बोटं खाली लोंबतो. तिनं काढून फेकला. मी धुतला, दोरीवर घातला."

आत्यानं फ्रॉक घेतला नाही. वहिनी तो हातातच धरून ट्रंकेवर टेकली.

"वन्सं, दोरीवर तो बघितला आणि मला काही नवीन वाटलं नाही. तिचे शाळेचे फ्रॉक दर रविवारी मीच वाळत घालत होते. सगळे डावीकडून खाली. तेव्हा मला दिसायचं. मला वाटलं, तुमची नजर गेली, आता तुमच्या हातून सरळ कापलं जात नाही. म्हटलं, कशाला बोलून दुखवायचं. हसलेसुद्धा एकदा मनात." तिनं फ्रॉकची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "औषधांच्या दुकानात जन्म गेला माझा. दिवसभर लोकांना सांगते, दुखणं अंगावर काढू नका."

खालून सायकलच्या चाकाचा आवाज येत होता.

"बोलली असतीस तर मी भांडले असते तुझ्याशी," आत्या म्हणाली. "म्हटलं असतं, तुला काय कळतं शिवणातलं. आणि पुढचा फ्रॉकही तसाच शिवला असता."

"तरी मी बोलायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

जाताना वहिनी म्हणाली, "घरी चला." आत्या म्हणाली, बारकीनं बोलावलं तर येईन. वहिनीनं हे घरी सांगितलं की नाही कोण जाणे. बारकीनं बोलावलं नाही. फ्रॉक आत्यानं उसवला आणि त्या कापडाचे कुणाच्या तरी बाळाला झबल्या-टोपऱ्याचे दोन जोड शिवून दिले.

पुढं आत्याची नजर खरोखरच गेली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग जिन्याच्या पायऱ्या दिसेनात. एकदा पडली, खुब्याला मार बसला. तेव्हा भाऊ कुणाला न विचारता आला आणि तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरला. मशीन विकून टाकलं. घरी पुढच्या खोलीत तिची खाट टाकली.

बारकी आता टेलिफोनच्या ऑफिसात आहे. दिवसभर फोन कानाला लावून बसायचं काम, उभं राहावं लागत नाही. ती तयार कपडे विकत आणते आणि जसे असतील तसे घालते. हेमही लावून घेत नाही. सकाळी निघताना ती पुढच्या खोलीतून जाते, साच्याचा आवाज फरशीवर वाजत जातो, आणि खाटेवरून आत्या विचारते, आज कुठल्या रंगाचं घातलंयस गं.

बारकी कधी थांबून सांगते. कधी उशीर झालाय म्हणत निघून जाते.